दार जेवायला बसलंय

एका शहाण्यासुरत्या तरुणाने माझ्या डोळ्यांत बघून "मी दार आहे" असं सांगितलं, तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते, हातात अवजारांची पेटी होती आणि छत्रीच्या मोडक्या काडीवरून पाऊस नेमका माझ्या मानेत उतरत होता.

खोटं वाटतंय? मी खोटं बोलत असेन तर माझे दात पडोत. पडलेत म्हणा, पण ते वयाने.

माझं काम कुलपांचं. बाबांनी दुकान ठेवलं, त्यांच्यामागे मी चालवत होते. शहरातलं एकही कुलूप माझ्यापुढे दोन मिनिटांच्या वर ताठ राहिलं नाही. एका तिजोरीने तर मला जिना चढताना पाहूनच तोंड उघडलं होतं. तर एक दिवस निरोप आला, की पुढच्या दाराचं कुलूप बिघडलंय, दुपारी एकला या. तिसरा मजला, डाव्या हाताला. मी पोचले. चौकट होती. बिजागऱ्या होत्या. दार नव्हतं. दाराच्या जागी एक उंच, काटकुळा मुलगा दोन्ही हात चौकटीला लावून उभा.

"दार कुठाय?" मी विचारलं.

"जेवायला बसलंय."

"काय?"

"आत. सगळ्यांबरोबर. तोवर मी दार आहे. बोला, कोण हवंय?"

"मला... दारच हवंय."

"मग मी आहे ना," तो म्हणाला आणि आपण काय बोललो ते कळल्यावर त्याचे कान लाल झाले. आधी डावा, मग उजवा. असे पाळीपाळीने लाल होणारे कान मी त्याआधी पाहिले नव्हते.

त्याच्या हाताखालून मी आत डोकावले आणि माझी पेटी पायावर पडली. दीड खोलीचं घर. मधोमध चार स्टुलांवर दार आडवं घातलेलं, त्यावर ताटं, आणि भोवती दहा माणसं! कडी एका बाजूला, कुलूप भाताच्या पातेल्याशेजारी.

"लांबू, कोण आहे रे?" टोकाला बसलेल्या थोरल्या काकूंनी विचारलं. त्या घरात पंतप्रधान, सरन्यायाधीश आणि सेनापती त्याच होत्या.

"कुलूपवाली आलीय."

"मग दारात काय उभी केलीस? सरका रे सगळे!"

दहा माणसं चार-चार बोटं सरकली आणि हवेतून माझ्यापुरती जागा तयार झाली. हे सरकणं मी नंतर हजारदा पाहिलं, पण ती जागा येते कुठून हे मला आजतागायत कळलेलं नाही.

काकूंनी वाढता वाढता समजावलं. टेबल घेतलं तर दिवसभर जागा खाणार. दार बिचारं दिवसभर उभंच असतं, त्याला जेवणापुरतं आडवं केलं तर बिघडलं कुठे? मात्र तेवढा वेळ चौकट उघडी राहते, म्हणून रोज एकाने दार व्हायचं. भिंतीवर खडूने पाळ्या लिहिलेल्या. दार झालेल्याने शेवटी जेवायचं, पण सगळ्यात चांगला वाटा त्याचा. नियम एकच, दाराने बोलायचं नाही.

"हा तर बोलला," मी म्हटलं.

"हो ना," धाकटी आत्या म्हणाली, "एरवी तर गप्प असतो."

चौकटीतले कान पुन्हा लाल झाले.

जेवल्यावर मी कुलूप उघडलं. आजवर कुलपांत गंज पाहिला होता, मोडक्या किल्ल्या पाहिल्या होत्या. यातून निघाली चौदा शितं, एक अख्खा मटार, कोणाचा तरी दुधाचा दात आणि एक पितळी बटण.

"माझ्या कोटाचं बटण!" आजोबा उभेच राहिले. "एकोणीस वर्षं मी हिच्यावर संशय घेत होतो!" आणि त्यांनी आत्याकडे हात जोडले.

"शेवटचं कधी लावलं होतं हे कुलूप?" मी विचारलं.



"लावायचं कशाला?" काकू म्हणाल्या. "घरात कोणी ना कोणी असतंच. पण आता त्याची जीभ बाहेर आलीय, दार चौकटीत बसेना. तीन दिवस आडवंच आहे बिचारं."

मी कुलूप काढून घेतलं, दार मोकळं केलं आणि म्हटलं, "दुरुस्तीला चार दिवस लागतील."

दहा मिनिटांचं काम होतं. पण ते कान... पुन्हा बघायचे होते.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात हजर. "झालं का?" तिसऱ्या दिवशी, "झालं का?" ओले केस, दारातच पाय पुसायचा, दहादा पुसायचा.

"तुम्ही काम काय करता?" मी कानस चालवत विचारलं. कानस कशावर चालवतेय याचं भान नव्हतं.

"लोकांची घरं हलवतो. सामान ट्रकमध्ये रचायचं. एका बाईंचं पाच खोल्यांचं सामान असं रचलं, की जागा उरली. वाया कशाला घालवा, म्हणून शेजाऱ्यांचंही नेलं."

"शेजाऱ्यांना जायचं होतं?"

"छे हो!"

मी हसून लोळायची तेवढी राहिले. "थापा छान मारता."

"तुम्हीही," तो हळूच म्हणाला. "चार दिवस लागतील म्हणालात... ते कुलूप परवापासून तुमच्या मागे खिळ्याला लटकतंय. झालेलं."

या वेळी कान माझे लाल झाले. दोन्ही एकदम.

दर बुधवारी दुकान बंद असायचं. मग कुलूप बसवून झाल्यावरही बुधवारी मी त्यांच्याकडे जेवायला जायला लागले. त्या घरात प्रत्येकाची एक खुंटी. खुंटीवर मावेल तेवढंच आपलं, बाकी सगळं सगळ्यांचं. अकरा माणसं, अकरा खुंट्या... आणि थोड्या दिवसांनी बारावीही लक्षात आली. तिच्यावर एक जुनी टोपी. कोणाची म्हणून विचारलं, तर सगळे एकदम भाताकडे बघायला लागले.

आणि एका बुधवारी भिंतीवर खडूने लिहिलेलं दिसलं, 'बुधवार – कुलूपवाली'. मी उडालेच!

"फुकट जेवायला काय पाहुणी आहेस?" काकू म्हणाल्या. "उभी राहा, पोरी."

मी चौकटीत उभी राहिले. पाठीमागे अकरा माणसांचा गलबला, वाट्यांचा आवाज, रश्श्याची वाफ, आणि अधूनमधून मानेवर कोणाची तरी नजर... मागे न बघताही कळणारी. इतकं सुख मला माझ्या पाच खोल्यांत कधी झालं नव्हतं. माझ्या घरी पाच खोल्या, नऊ कुलपं आणि मी एकटी. चमचा पडला तर आवाज शेवटच्या खोलीपर्यंत जाऊन, कोणी भेटलं नाही म्हणून परत यायचा.

आता तुम्ही म्हणाल, मग अडलं कुठे? अडलं माझ्याच डोक्यात. दोन शब्द एकांतात बोलायची सोय नव्हती हो! एकदा तो माझ्या कानाशी पुटपुटला, "तुझे केस आज..." तर पडद्याआडून आत्या म्हणाली, "धुतलेत का विचार!"

म्हणून मी त्याला जिन्यावर गाठलं. "माझ्याकडे राहायला ये. कायमचा. पाच खोल्या आहेत. तुला स्वतःची खोली मिळेल... स्वतःचं दार."

तो कठड्यावरचं पाणी बोटाने पुसत राहिला. "आणि हे सगळे?"

"येतील की रविवारी."

"मला बंद दाराआड झोप लागत नाही गं. एकदा कामाला परगावी गेलो होतो, एकट्याला खोली दिली. शेवटी जाऊन ट्रकमध्ये लोकांच्या कपाटांमध्ये झोपलो."

"म्हणजे मी नको."

"तू हवीस. पण... माझ्यातून हे दहा जण वजा केलेस तर जो उरेल, त्याला तू ओळखतही नाहीस."

"तुमच्या घरात शिंकायलासुद्धा नंबर लावावा लागतो!"

"हो," तो म्हणाला. "पण कोणी शिंकलं, की अकरा जणांना कळतं."

"मग राहा शिंकत! मी पुन्हा पाऊल टाकणार नाही." आणि मी तीन मजले असे उतरले, की पायऱ्या अजून त्या आवाजाची आठवण काढतात.

पुढचा बुधवार उजाडला. गेले नाही. सकाळी तेलाची बाटली आणायला अडगळीच्या खोलीत शिरले आणि मागे दार... खट्ट!

ते कुलूप बाबांनी बसवलेलं. ओढलं की आपोआप लागायचं, आतून भोकच नाही. किल्ली बाहेर, अवजारं बाहेर. घरातली सगळी दारं बाबांनी बाहेरच्या बाजूला उघडणारी करून घेतली होती. ढकलायचं दार चोर फोडतो, ओढायचं फोडता येत नाही, हे त्यांचं शास्त्र. मी धडका मारल्या. दाराने ढेकरही दिली नाही. ओरडले. पाच खोल्यांनी माझंच ओरडणं मला परत केलं.

मग हिशेब मांडला. आज दुकान बंदच. उद्या गिऱ्हाईक येईल, बंद दार बघेल, दुसरीकडे जाईल. परवाही तेच. मला शोधायला कोण येईल? बोटं मोजायला घेतली आणि मूठ मिटलेलीच राहिली. जे आले असते, त्यांना मीच 'पाऊल टाकणार नाही' म्हणून आले होते.

धुळीने शिंक आली. जोरात शिंकले. कोणी काही म्हणालं नाही. आणि तेव्हा... रडले. हे मात्र अजिबात वाढवून सांगत नाही.

बाहेरच्या घड्याळात एक वाजला. तिकडे दार आडवं झालं असेल. चौकट रिकामी.

आणखी बराच वेळ गेला, आणि एकाएकी धडाम्! भूकंप झाला म्हणून मी फळीला धरलं. मग पावलं, पावलांवर पावलं. पुन्हा धडाम्, या वेळी जवळ. आणि ओळखीचा आवाज, "कोपऱ्याकडून उचल रे! भिंतीला घासू नको, लोकांचं घर आहे!"

माझ्या डोळ्यांसमोर दार उघडलं, पण चुकीच्या बाजूने! कुलूप जागच्या जागी घट्ट, आणि बिजागऱ्यांकडून उजेड आत आला. दार उचलून बाजूला झालं आणि त्यामागे पावसाने भिजलेली अकरा माणसं. आजोबा खुर्चीसकट. आत्याच्या डोक्यावर भाताचं पातेलं, धाकट्या काकांच्या हातात रश्श्याचं.

नऊ कुलपं लावली होती बाबांनी, आणि बिजागऱ्यांच्या खिळी सगळ्या बाहेर! जन्मभर कुलपं बघत आलेल्या दोन पिढ्यांना जे दिसलं नाही, ते रोज दोनदा दार उतरवणाऱ्यांना जिन्यावरूनच दिसलं.

"मला वाटलं तू रुसलीस," लांबू म्हणाला.  "मी यांना सांगितलंही, ती येणार नाही..."

"गप रे," काकूंनी त्याला झटकलं. "रुसलेलं माणूस पाळीला येतं आणि तोंड फुगवून उभं राहतं. आपल्याकडे सगळे तसेच रुसतात. आलं नाही म्हणजे काहीतरी झालंय. चाळीस वर्षांत कोणाची पाळी चुकलेली नाही."

"मग... तिकडे घरात कोण आहे?"

"कोणी नाही."

"आणि दार?"

"आडवंच आहे. ताटं तशीच."

"निदान ते चौकटीत बसवून कुलूप तरी..."

"किल्ली कुठे ठेवलीय देव जाणे," काकू म्हणाल्या, जणू एखादी छत्री विसरली होती.

चाळीस वर्षांत एकदाही रिकामं न राहिलेलं घर उघडं टाकून ही माणसं माझ्यासाठी निघून आली होती.  मी उंबऱ्यावरच बसले.

तेवढ्यात आत्या म्हणाली, "अगंबाई, ही बघा, किल्ली तर कुलपातच लटकतेय!"



आजोबांनी वाकून बघितलं. "म्हणजे नुसती फिरवायची होती? आणि आम्ही अख्खं दार..."

"मला सुचलंच नाही," लांबू पुटपुटला. मग माझ्याकडे बघितलं. "मला एक... सांगायचंय. तुम्ही सगळे जरा बाजूला जाता का? पाच खोल्या आहेत, कुठेही जा."

पाच खोल्या होत्या खऱ्या. पण दहाही माणसं सवयीने त्या तीन फुटी बोळातच एकमेकांना चिकटून उभी राहिली आणि त्यांनी सभ्यपणे डोळे मिटले. कान उघडेच.

"मी... म्हणजे तू जर... माझ्याकडे खोली नाही, पण..."

"असू दे," मी म्हटलं. "मला एवढंच सांग, माझी खुंटी कोणती?"

त्याचा डावा कान लाल झाला. मग उजवा.

"बारावी. तू पहिल्यांदा जेवून गेलीस ना... त्याच संध्याकाळी ठोकली. कोणी घेऊ नये म्हणून माझी टोपी टांगून ठेवली."

"डोकं रोज ओलं घेऊन यायचास ते..."

"टोपी कुठे होती मला?"

मिटलेल्या डोळ्यांची दहा माणसं मोठ्याने हसली.

मग काकूंनी हुकूम सोडला. माझी उतरवलेली तिन्ही दारं खोकी-डब्यांवर एकापुढे एक मांडली गेली. एवढं लांब टेबल राजवाड्यातही नसेल. थंड भात, थंड रस्सा, आणि त्या घराने पहिल्यांदाच इतका गलबला ऐकला. आवाज शेवटच्या खोलीपर्यंत गेला तो परत आलाच नाही. त्याला तिकडे कोणीतरी भेटलं असणार.

"थांबा!" काकूंनी घास खाली ठेवला. "तीन चौकटी उघड्या आहेत. दारं कोण?"

धाकटे काका एका चौकटीत गेले, आत्या दुसरीत. पुढच्या दाराची पाळी माझी. बुधवार होता ना! मी जाऊन उभी राहिले. मागोमाग तोही आला.

"तुझी पाळी नाही," मी म्हटलं.

"मोठं घर आहे. दाराला दोन फळ्या हव्यात."

चौकट अडीच फुटांची. तो एका अंगाला, मी दुसऱ्या. जरा हललं की खांद्याला खांदा लागायचा. खरं सांगते, आम्ही दोघंही त्या दिवशी फार हललो.

बाहेर पाऊस थांबला होता. आत एकदम शांतता झाली, आणि काकूंचा आवाज आला, "ए, दारांनी बोलायचं नसतं हं!"

आम्ही बोलत नव्हतोच.