शेजारच्या खुर्चीतला ब्रेक

खरं घडलंय हे. मी तिथे होते. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या, माझं काही अडत नाही.

रात्र वगैरे नव्हती. शनिवारची भरदुपार, आमच्या गेम बनवणाऱ्या कंपनीचं ऑफिस आणि वीसेक माणसं.

मी तिथे गेम खेळून चुका शोधते. माझे भावोजी, म्हणजे ताईचे मिस्टर, गेममधली गाडी किती वळेल, किती घसरेल ते ठरवायचे. आधी बरीच वर्षं ड्रायव्हिंग शिकवलेलं, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही एक ब्रेक असतो. ती सवय हाडात भिनलेली. कोणाच्याही शेजारी बसले, की वळण येताच उजवा पाय खाली...

टक.

आम्ही हसायचो.

कंपनीचे मालक असलेल्या आमच्या साहेबांना मात्र त्यांचं काम पटायचं नाही. "मास्तर, खेळ आहे हो! ओल्या रस्त्यावर दोनशेने वळली पाहिजे गाडी. पोरांना मजा हवी." आणि साहेबांनी भावोजींची सगळी मेहनत पुसून टाकली.

पुढे एकदा पावसात दोघं साहेबांच्या गाडीतून निघाले. वळणावर गाडी झाडावर आदळली. भावोजी जागीच गेले. साहेबांना साधं खरचटलंही नाही.

"मास्तर चालवत होते," साहेबांनी पोलिसांना सांगितलं. बिनधास्त!

ताई आतून जळत होती. नवरा गेला तो गेलाच, वर लोक तोंडावर म्हणायचे, "जगाला शिकवलं आणि स्वतःच..."

त्या शनिवारी नवा गेम पाहुण्यांना दाखवायचा होता. साहेब स्टीअरिंग लावलेल्या खुर्चीत बसले. शेजारची खुर्ची रिकामी.

पडद्यावर पाऊस. गाडी दोनशेने वळत होती, रस्त्याला चिकटवल्यासारखी. टाळ्या पडल्या.

आणि मग...

टक.

रिकाम्या खुर्चीकडून.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तो पाय मी ओळखत होते.

पडद्यावरची गाडी अचानक जड झाली. मागची चाकं सरकली, खऱ्या गाडीची सरकतात तशी. धाडकन झाडावर!

"कोणी बदललं हे?" साहेब खेकसले.

कोणीच नाही. फाइल मीच तपासली होती.

पुन्हा सुरू केलं. टक... टक... तेच वळण. तेच झाड.

तिसऱ्यांदा साहेबांनी स्टीअरिंग सोडून दिलं. गाडी तरी धावतच होती.

टक... टक... टक...

"मास्तर, बस करा!" साहेब किंचाळले. "मी चालवत होतो! मी!"

अख्ख्या ऑफिसने ऐकलं. पाहुण्यांच्या मोबाइलमध्ये रेकॉर्डही झालं. पोलिसांनी केस परत उघडली. ताई त्या दिवशी पोटभर रडली. मला वाटलं, सुटले भावोजी.

कसलं काय!

परवा साहेबांच्या बायकोचा ताईला फोन आला. रडत होती बिचारी. साहेबांचा उजवा पाय थांबतच नाही म्हणे. जेवताना, झोपेत, सतत जमीन दाबतो. टाच सोलवटलीय. डॉक्टरांनी हात टेकले.

"तुमच्या मिस्टरांना सांगा ना, आता सोडा म्हणावं..."

मी शेजारीच होते. फोनमधून मागचा आवाज स्पष्ट येत होता. टक... टक...

ताईने शांतपणे ऐकून घेतलं.

"दाबू दे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग भाजी चिरायला बसली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच गुणगुणत होती. खोटं कशाला बोलू, त्या आवाजापेक्षा मला तिचीच जास्त भीती वाटली.