भय्यासाहेबांचा झोपाळा

फॅक्टरीचा पाचचा भोंगा झाला आणि शेजारच्या शेरूनं गळा काढला. अधारतालच्या त्या गल्लीत कुत्रं रडण्याचं काही नवल नव्हतं. नवल पुढचं होतं. भोंगा थांबला की शेरूही गप्प व्हायचा, कुंपणाच्या भिंतीवर पुढचे पाय टेकायचा, आणि क्षमाच्या व्हरांड्यातल्या रिकाम्या झोपाळ्याकडे बघत शेपूट हलवायचा. वारा नसायचा... तरी झोपाळा हलत असायचा.

झोपाळा तिच्या बाबांचा, भय्यासाहेबांचा. त्यांना जाऊन अठरा दिवस झाले होते. दहाव्याला तिलवारा घाटावर पिंडाला कावळा शिवेना. गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल, बोला." फॅक्टरीतून रिटायर झाल्यापासून बाबा फोनवर या कुत्र्याचीच तक्रार करायचे. क्षमानं हात जोडले, "बाबा, त्या कुत्र्याचा बंदोबस्त करते." तशी जवळ आलेला कावळाही उडून गेला. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला, पण पोरीच्या जिवाला रुखरुख लागली ती लागलीच.

आज तिनं पोलीस ठाण्यात द्यायचा अर्ज लिहिला होता. तो घेऊन दार उघडते तर समोर शेरूचा मालक, तनय. केस विस्कटलेले, हातात टोस्टचा पुडा. आजवर भिंतीवरून नुसती नजरानजर झालेली. त्याचे डोळे इतके काळेभोर असतील असं तिला वाटलं नव्हतं.

"ठाण्यात जाऊन राहिल्या ना? जा," तो तिच्या हातातला अर्ज बघून म्हणाला. "फक्त आज... एक टोस्ट झोपाळ्यावर ठेवू द्या."

"काहून?"

"भय्यासाहेब रोज भोंग्याला चहा घेऊन बसायचे. एक टोस्ट त्यांचा, एक शेरूचा. गल्लीसमोर मात्र त्याला शिव्या."

"बाबा तर सारखी तक्रार—"

"लाडानं करायचे जी. तुमचीपण करायचे. पोरगी नागपूरहून येत नाही, हट्टी आहे, रागात नाक लाल होते." त्यानं पुडा या हातातून त्या हातात घेतला. "दोन वर्षांपासून ऐकून राहिलो. पाठ आहात तुम्ही मला."

ज्याच्यावर जीव त्याच्याच नावानं खडे फोडायचे, ही बाबांची खोड क्षमाला ठाऊक नव्हती का? आणि ती त्याच मुक्या जिवाला हाकलायला निघाली होती. तिचे डोळे भरून आले. तनयनं रुमाल दिला, तोही शेरूच्या केसांनी भरलेला. रडता रडता तिला हसू आलं.

"नाक खरंच लाल होते," तो पुटपुटला.

तिनं टोस्ट झोपाळ्यावर ठेवला. शेरू आत येऊन बसला, पण टोस्टला तोंड लावेना. भिंतीवर एक कावळा आला. झोपाळ्याच्या कड्या करकरू लागल्या आणि क्षमाच्या अंगावर काटा आला.

तिनं अर्ज फाडला. "बाबा, शेरू इथंच राहील."

कावळा हलला नाही.

"अजून काही राहिलं असेल," तनय हळूच म्हणाला.

"काय?"

"मी माझ्याच तोंडानं कसं सांगू..."

कावळा मान तिरकी करून तिच्याकडेच बघत होता. क्षमानं डोळे मिटले.

"...आणि शेरूचा मालकही. मला आवडतो तो."

पंख फडफडले. तिनं डोळे उघडले तेव्हा टोस्ट नव्हता, आणि तिचा हात तनयच्या हातात होता. त्यानंतर तो झोपाळा कधी आपणहून हलला नाही.