मोहरीएवढे मणी

बसथांब्यावर ती हसली, आणि शेजारी उभा असलेला तरुण एकदम म्हणाला, "वरचा डावा सुळा जरा पुढे... आणि त्याला खेटलेला दात किंचित वळलेला. तुम्ही कोपऱ्यावरच्या दातांच्या दवाखान्यात असता ना?"

तिनं पटकन तोंडावर हात धरला. हसायचं कारण क्षुल्लकच होतं. बसमागे धावणाऱ्या एका आजोबांसाठी ड्रायव्हरनं बस थांबवली, तर ते धापा टाकत म्हणाले, "जा, जा, मी व्यायाम करतोय!" पण हा कोण चोंबडा?

"अनोळखी मुलीच्या तोंडात असं डोकावतात होय?"

"डोकावलो नाही हो. पाठ आहेत." तो कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे... तुमच्या दातांचा साचा माझ्या फळीवर आहे. सात महिने झाले."

मग तिच्या ध्यानात आलं. ती नोकरीला लागली तेव्हा दातांचं माप कसं घेतात ते दाखवायला डॉक्टरीणबाईंनी तिचंच माप घेतलं होतं. ते गल्लीच्या टोकाच्या लॅबमध्ये गेलं होतं. तिथं कवळ्या आणि दाढांच्या टोप्या बनवणारा, दवाखान्यात सगळे ज्याला 'बत्तिशी' म्हणत, तो हाच! आजवर तिला त्याचं फक्त अक्षर ठाऊक होतं. परत येणाऱ्या डब्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांतलं — तिरकं आणि खडूस.

"म्हणजे माझी मापं परत पाठवणारे ते तुम्ही!"

"आणि रोज बुडबुडे पाठवणाऱ्या त्या तुम्ही."

बस आली, थांबली, गेली. दोघंही चढायचं विसरली.

त्या काळी दातांच्या दवाखान्यातली मदतनीस म्हणजे नाव पुकारणारी, सुया उकळणारी आणि रडणाऱ्या पोरांचे पाय धरणारी बाई. तिला तेवढ्यावर भागवायचं नव्हतं. तिला खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसायचं होतं. डॉक्टरांचे दोन हात आणि आपले दोन, असे चार हात मिळून एकच काम करताहेत. मागायच्या आत अवजार हातात पडतंय. घाबरलेला माणूस आपल्याकडे बघून शांत होतोय... तसं काम करणारी एक शिकलेली बाई तिनं एकदाच पाहिली होती, आणि मनाशी म्हटलं होतं, हे माझं काम.

डॉक्टरीणबाई बोलायला सरळ. "परीक्षा वर्षातून दोनदा असते. पास हो, स्टूल तुझं."

तिला वाढवलं होतं आत्यानं, त्यामुळे बोलायचा हक्क आत्याचा, आणि आत्या तो पुरेपूर वापरायची. "लोकांच्या तोंडात हात घालून कुणाचं भलं झालंय गं?"

"लोकांचं होतं, आत्या."

अडत होतं ते एकाच ठिकाणी. मापाची गुलाबी पावडर पाण्यात कालवायची, ट्रेमध्ये भरायची, तोंडात बसवायची. मिनिटभरात सगळं, नाहीतर गोळा घट्ट होतो. तिच्या हातून कालवताना हवा शिरायची. ती तेव्हा दिसत नाही. मापात प्लास्टर ओतून साचा काढला, की एकेका बुडबुड्याच्या जागी दाढेवर मोहरीएवढा मणी उगवलेला असतो. तशा साच्यावर बेतलेली टोपी दातावर नीट बसत नाही.

"तुम्ही फेटता," दुसऱ्या दिवशी थांब्यावर बत्तिशी म्हणाला. "फेटायचं नाही, घोटायचं. वाटीच्या कडेला दाबून, हवा चिरडत."

"कुणावर राग काढल्यासारखं?"

"माझ्यावर काढा."

"तो तर भरपूर शिल्लक आहे."

असं रोज काहीतरी. तो बोलता बोलता तिच्या हातांकडे बघायचा आणि तिनं पाहिलं की घाईघाईनं रस्त्याकडे बघायचा. आणि काय नवल! डबे परत येणं थांबलं. एक आठवडा, दोन आठवडे, दोन महिने. तिचा हात बसला होता. जमिनीला पाय लागेनात तिचे.

परीक्षेत तिनं झोकात माप घेतलं. परीक्षकांनी प्लास्टर ओतलं, साचा सोडवला आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. दाढांवर सात मणी.

"पोरी, हे माप आहे की चाळणी?"

नापास.

ती तडक लॅबमध्ये गेली. तो खिडकीशी पाठमोरा बसला होता. हातात बारीक चाकू आणि समोर कालच दवाखान्यातून आलेल्या मापाचा साचा. दाढेवरचा एकेक मणी तो अलगद खरवडून काढत होता. इतक्या मायेनं, की तिला सगळं त्या क्षणी कळलं.

"किती दिवस चाललंय हे?"

तो दचकला. चाकू खाली पडला. "दोन... दोन महिने. डबा परत गेला की तुम्हाला बोलणी बसायची. मला बघवेना."

"म्हणून मला आंधळी ठेवलीत? आणि टोपी बसली नसती तर? तो पेशंट कुणाला विचारणार होता?"

"पण मी फक्त... अहो, मला तुम्ही..."

"ते नंतर!" तिचा आवाज फुटला, पण डोळे कोरडे होते. "आधी माझे बुडबुडे मला परत करा. एकूण एक."

तिनं स्वतःच डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगितलं. बाईंनी त्यालाही बोलावून घेतलं आणि दोघांना समोर उभं करून यथेच्छ फैलावर घेतलं. "हे पेशंटचे दात आहेत, भातुकली नाही! सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा. तेव्हा नाही जमलं, तर बाहेरून शिकलेली मदतनीस आणीन."

आत्यानंही संधी साधली. "नापास झालीस तर नोकरी बंद. मी म्हणेन त्या मुलाला भेटायचं."

"कबूल."

बाईंनी मुदत संपलेल्या पावडरीचे डबे तिला देऊन टाकले. रोज सकाळी कामाला निघण्याआधी ती स्वयंपाकघरात वाटी घेऊन बसायची. घड्याळ धरायला आत्या. आधी नाक मुरडून, मग चष्मा लावून, आणि महिन्याभरानं पदर खोचून. "थांब! वेळ झाली! अगं, मनगट वळव ना, खांदा कशाला उडवतेस?"

लॅबमधून डबे मात्र बिनबोभाट परत येऊ लागले. 'पाच. खालच्या दाढा.' 'तीन. आज घाईत होतात.' 'चार. माझ्यावरचा राग ओसरला वाटतं, वाढवा.' प्रत्येक चिठ्ठी ती वाचायची, चुरगाळायची... आणि पुन्हा सरळ करून पेटीत ठेवायची. थांब्यावर दोघं शेजारी उभी राहायची. 'ते नंतर'चा विषय त्यानं एकदाही काढला नाही. एकदा थंडीत तिची बोटं आखडलेली दिसली, तेव्हा आपले लोकरीचे हातमोजे काढून तिच्या हातात ठेवले, एवढंच. "हात जपा," म्हणाला.

'दोन.' 'एक.' 'एक, पण कडेला.'

आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात — 'तासभर शोधतोय. सापडत नाही.'

परीक्षक तेच होते. त्यांनी भिंग घेऊन साचा दोनदा फिरवला. "मागच्या खेपेला चाळणी आणलेली, ती तूच ना?"

"मीच."

"बरं झालं परत आलीस."

त्या दिवशी ती लॅबमध्ये शिरली ती हातात वाटी, पावडर आणि ट्रे घेऊनच. "तुमच्या स्वतःच्या दातांचा साचा कुठाय?"

"नाही." तो खुर्चीतच मागे सरकला. "हसू नका. ट्रे तोंडात जाणार म्हटलं की मला गुदमरायला होतं. म्हणून तर मी दात हातात घेऊन काम करतो, तोंडात नाही."

ती हसलीच. मग पाणी मोजलं, वाटीच्या कडेला दाबून दाबून घोटलं आणि त्याच्या हनुवटीखाली बोट ठेवलं. "मान पुढे. नाकानं श्वास घ्या. घाबरलात तर पायाची बोटं हलवा, मन तिकडे जातं. आ करा."

ट्रे बसला. त्याचे डोळे मोठ्ठे झाले.

"आता तुम्हाला बोलता येणार नाही, तेव्हा नीट ऐका. 'ते नंतर' म्हटलं होतं ना? ते आत्ता. माझ्या तीन अटी आहेत. मी हे काम सोडणार नाही. लग्न झालं, मुलं झाली, केस पिकले तरी नाही; पुढे दुसऱ्या मुलींनाही शिकवणार आहे. दुसरी, माझी चूक दिसली की सांगायची, खरवडायची नाही. आणि तिसरी... आत्याला तुम्ही विचारायचं. मला तिची भीती वाटते."

"अंऽ! अंऽअं!"

"मान हलवू नका, माप बिघडेल! मान्य असेल तर..." आता तिचाच आवाज कापू लागला. "...तर पायाची बोटं हलवा."

तिनं खाली पाहिलं. चपलांमधली दहाच्या दहा बोटं नुसती नाचत होती.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ती पहिल्यांदा खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसली. पुढे चौतीस वर्षं बसली. अकरा मुली तयार केल्या, आणि प्रत्येकीचा पहिला मणी तिनं त्या मुलीलाच शोधायला लावला. पण त्या पहिल्या संध्याकाळी तिच्या टेबलावर एक डबा आला. वर तेच तिरकं अक्षर.

'बुडबुडा एकही नाही. तिन्ही अटी मान्य. मात्र उजव्या अक्कलदाढेमागे मिश्रण कमी पडलंय. माप पुन्हा घ्यावं लागेल.'

घरी येऊन तिनं वाटी काढली, तशी आत्या दारात आली. "आता कशाला? पास झालीस ना?"

"एक माप परत आलंय, आत्या," ती म्हणाली, आणि हसली. डावा सुळा दिसेल अशी, तोंडावर हात न धरता.