रामीबाईची फूक

घाटंजीच्या बाजारातून सासूचं दम्याचं औषध आणि पावभर मिरच्या घेऊन बबिता तांड्यावर परतली, तेव्हा मे महिन्याचं ऊन नुसतं भाजून काढत होतं. बाहेर चिटपाखरू नव्हतं. घरामागच्या भट्टीचा घुमणारा आवाज तेवढा चालू होता. असल्या उन्हातही तिच्या नवऱ्यानं, इंद्रजीतनं, भट्टी पेटवली होती. आता या माणसाला काय म्हणावं? फिरोजाबादेत काच फुंकायला शिकून आला, आणि तेव्हापासून काचेनं त्याला पार झपाटलं.

सध्या एकच वेड होतं. जुन्या बंजारा बायांच्या घागऱ्यांवरचे आरसे त्याला करायचे होते. ते आरसे कारखान्यातल्या सपाट काचेचे नसत. नळीनं काचेचा पातळ गोळा फुगवायचा, आतून कलई फिरवायची, मग तो फोडून त्याच्या टिकल्या कापायच्या. फोडण्यासाठीच तो फुगवायचा. पण इंद्रजीतचा गोळा पातळ होईना. कधी जाड राही, कधी तडकून जाई. ना जेवण, ना झोप, ओठ पोळलेले. बबिताला त्याची कीव यायची आणि रागही यायचा.

आज मात्र तो नळी बाजूला ठेवून उभा होता. समोर वाळूत भोपळ्याएवढा गोळा निवत ठेवलेला, कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ.

"झाला?"

"याडीनं फुकला."

बबिताला हसूच आलं. याडी म्हणजे त्याची आई, तिची सासू रामीबाई, दोन पावलं चालली की धापा टाकायची. तिच्या छातीतली शिट्टी ऐकतच घर झोपायचं.

"मस्करी करता का? त्याहिले दम कुठी हाय?"

"तिनंच मांगतली नळी. म्हणे, मी फुकून पाहतो. एका दमात फुगला, बबिता... मले वाटे आता थांबन, आता थांबन..."

"मंग कलई लावा अन् फोडा."

"नाई. तोंड बंद केलं म्या, काचेचा थेंब लावून. याले फोडाचं नाई."

बबिता वाकली. गोळ्याची काच आतून धुरकटली. मग निवळली. पुन्हा हळूच धुरकटली, पुन्हा निवळली. झोपलेल्या माणसाची छाती हलते ना, त्याच चालीनं.

ती घरात धावली. रामीबाई बाजेवर बसून तांदूळ निवडत होती. शिट्टी नव्हती.

"बरं वाटून राह्यलं व," सासू हसून म्हणाली.

बबितानं तिच्या नाकाशी हात धरला. बराच वेळ धरला. हाताला काहीच लागलं नाही. पदराखालची छाती हलत नव्हती. रामीबाई मात्र एकेक खडा शोधून बाजूला टाकत होती.

बबिता धावत भट्टीशी आली. "फोडा तो. आत्ता फोडा."

"अन् फोडला, अन् याडी गेली तं?"

"अन् नाई फोडला तं?"

तो गोळ्याकडे पाहत राहिला. "असा मले जलमात फुकता येनार नाई," तो पुटपुटला. बबिताला तेव्हा कळलं, की याला आईची काळजी नाही, गोळ्याची आहे. तिला त्याची किळस आली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा भीतीही वाटली.

इंद्रजीतनं नळी भट्टीत घातली. बाहेर काढली तेव्हा टोकाला लालभडक काच लोंबत होती. दुसरं टोक त्यानं बबितापुढे धरलं.

"एकच फूक... तुही छाती चांगली हाय."

"कायले? एक झाला न..."

"हा तं फोडाचा नाई. घागऱ्याले फोडाले दुसरा नाई लागन का?"

ती मागे सरली, तर पाठीला कुणाचा तरी हात लागला. रामीबाई कधी येऊन उभी राहिली, कळलंही नव्हतं. तिचं तोंड बबिताच्या अगदी कानाशी होतं, तरी कानाला वाफ जाणवली नाही.

"जाय व पोरी. दुखत नाई काही."

वाळूतला गोळा त्या शब्दांसरशी धुरकटला.

या भर दुपारीही तांड्यात कुणीतरी जागं असेल, ऐकेल, धावून येईल. ओरडायला म्हणून बबितानं छातीभर श्वास घेतला, आणि नळीचं तोंड तिच्या ओठांना लागलं.