पाचवा पुकारा

दफ्तरखान्यात माझं काम एवढंच होतं. जुन्या खटल्यांच्या चामड्याच्या गुंडाळ्या आणून द्यायच्या आणि वाचणाऱ्यांना बोलू द्यायचं नाही. त्या दुपारी बाहेर धुकं साचलं होतं. आत प्राध्यापक हेस्टर पॉमफ्रेट एकट्याच बसल्या होत्या. विल्किन थ्रेस्क या मेंढीचोरावरचं त्यांचं पुस्तक छापायला गेलं होतं. सहाशे वर्षांपूर्वी कोर्टानं पाच वेळा पुकारूनही तो आला नाही, म्हणून त्याला कायद्याबाहेर टाकलं. म्हणजे दिसेल त्यानं त्याला मारावं. तो फ्रान्सला पळाला, हा बाईंचा शोध. बढती त्यावरच अवलंबून होती.

अक्षर लागेना की बाई पुटपुटत. "विल्किन थ्रेस्क..."

"आलो..."

आवाज कपाटामागून आला. मागोमाग ओल्या लोकरीचा वास. मी सवयीनं ओठांवर बोट ठेवलं. भुतांसाठी वेगळा नियम नव्हता.

तो हळूहळू बोलत राहिला. पहिले चार पुकारे रानात लपून काढायचे आणि पाचव्याला हजर व्हायचं, ही सगळ्यांचीच रीत. तोही कोर्टाच्या दाराशी येऊन उभा होता. पण पाऊस लागलेला, कारकुनाला भूक लागलेली; त्यानं न पुकारताच 'आला नाही' लिहिलं आणि जेवायला गेला. कारकुनांची जातच तशी, असं तो म्हणाला. मीही कारकूनच; पण तिथं बोलायला मनाई होती.

"रीतसर पुकारा, बाई. एकदाच."

"पुस्तक येऊ दे, मग पुकारते," बाई कुजबुजल्या. "तोवर तुम्ही फ्रान्समध्ये असायला हवं."

"मी नदीसुद्धा ओलांडली नाही कधी... दारातच उभा आहे. पाय दुखतात, बाई."

बाईंनी गुंडाळीतलं नाव पुन्हा एकदा वाचलं. मग उठल्या, घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात नाव पुकारलं. मी अडवलं नाही. दारापासून टेबलापर्यंत फरशीवर चिखलाची पावलं उमटत आली.

"हजर..." तो म्हणाला. खटला व्हायचा राहिलाय, तर तुरुंग कुठं, असं त्यानं विचारलं. जुन्या तुरुंगात आता चहाचं दुकान आहे. मी बोटानं रस्ता दाखवला.

बाईंनी पुस्तक मागे घेतलं. ज्यांच्या विषयातले मेलेले उठून येत नाहीत अशा एका गृहस्थांना बढती मिळाली.

काल चहावाल्या मिसेस डॉकेट भेटल्या. मागच्या खोलीत अकरा जण येऊन बसलेत म्हणाल्या. चहा मागत नाहीत, केकला हात लावत नाहीत.

"कुणा थ्रेस्कच्या खटल्याला बारावा पंच हवाय म्हणे... तुमचं नाव घेत होते."

मी परगावी गेलोय असं सांगा, म्हटलं.

"तेच सांगून पाहिलं. म्हणाले, थांबतो... आम्हाला सवय आहे."