दोराचं मागचं टोक

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल, तर माझ्या मामाचा उजवा तळहात बघा. दोराने तिथली कातडी अशी सोलून नेली, की हातावरच्या रेषा अजून परत आलेल्या नाहीत.

आणि भुतं रात्रीच येतात, असं म्हणणाऱ्यांसाठी सांगतो. हे भर दुपारी घडलं.

मामा लिफ्ट दुरुस्त करतो. दोरावर जीव टांगणं हा त्याचा रोजचा धंदा. मामीचा धाकटा भाऊ तोंडाने भारी बडबड्या, म्हणून घरात सगळे त्याला पोपटच म्हणायचे. एकदा तरी मोठं शिखर चढायचं, म्हणून तो हात धुऊन मामाच्या मागे लागला होता.

निघताना मामीने मामाला बजावलं, "एकुलता एक भाऊ आहे माझा. जसा नेताय, तसाच परत आणा."

आधी जंगल, मग नुसते दगड, मग बर्फ. शेवटच्या मुक्कामाच्या लाकडी खोलीतून पहाटे दोघंच निघाले. मामाने स्वतःच्या हाताने पोपटच्या कमरेला दोर बांधला, दुसरं टोक आपल्या कमरेला. खुणा ठरल्या. दोन झटके म्हणजे थांबा. तीन म्हणजे पडलोय, ओढा.

शिखर झालं. फोटो झाले. उतरताना धुकं आलं.

मामा पुढे, पोपट मागे. त्याची टकळी चालूच होती. घरी गेल्यावर ताईला काय काय थापा मारायच्या, तेच.

मग टकळी थांबली...

मामाने हाक मारली.

थोड्या वेळाने पोपटचा आवाज आला... पण पुढून. खालून.

"भाऊजी, मी इथे खाली आहे. तुमच्या मागे कोण आहे?"



आणि मागून दोराला झटका बसला. एक... दोन... तीन.

मामा वळला. धुक्यातून काहीतरी दोर धरून गुडघ्यांवर सरपटत येत होतं. टोपी डोळ्यांवर घसरलेली. तोंडातून रक्त. ते बोलू बघत होतं, पण नुसती घरघर येत होती.

"मारा त्याला," खालचा आवाज म्हणाला. "तो मी नाही."

त्या सरपटणाऱ्याने मामाचा पाय धरला.

मामाने बर्फ फोडायची कुऱ्हाड घातली. आधी खांद्यात. पकड सुटेना. मग तोंडावर. हाड मोडल्याचा आवाज त्याने स्पष्ट ऐकला. ते कड्यावरून खाली गेलं आणि मामालाही फरफटत घेऊन चाललं. कुऱ्हाड बर्फात रुतवून तो कसाबसा अडकला. दुसऱ्या हातात दोर, आणि दोराबरोबर कातडी चाललेली.

कड्याखालून पुन्हा तीन झटके आले. हळू.

मामाने सुरी काढली आणि दोर कापला.

तो खोलीवर पोचला, तेव्हा पोपट शेगडीपाशी पाय शेकत बसला होता. अंगावर ओरखडाही नाही. खोली सांभाळणारा म्हातारा म्हणाला, हा तर सकाळपासून इथेच आहे. मामा पोपटच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला.

घरी मामीने दारातच भावाचा चेहरा ओंजळीत धरला. लहानपणी तिनेच त्याला झोपाळ्यावरून ढकललं होतं, हनुवटीला टाके पडले होते. तो व्रण अंगठ्याने चोळायची तिला सवय होती.

अंगठा हनुवटीवर फिरला... आणि थांबला.

ओरखडा नव्हताच. जुनासुद्धा नव्हता.

"अहो," ती मामाला हळूच म्हणाली, "तुम्ही कोणाला घेऊन आलात?"

मामा माणसं घेऊन पुन्हा वर जाऊन आला. दोराचं कापलेलं टोक सापडलं, बाकी काही नाही. पोपट त्यांच्याकडेच राहतो. हल्ली तो फारसा बोलत नाही.

परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो. जेवता जेवता मामा एकदम मागे खेचला गेला. पुन्हा एकदा. मग आणखी एकदा. त्याचा हात कमरेशी गेला. तिथे काहीच नव्हतं.

समोर बसलेला पोपट घास चावत शांतपणे म्हणाला,

"ओढू नका, भाऊजी."