साधा नट

वडनेर भोलजीत ट्रॅक्टर दुरुस्तीत माझा हात कोणी धरत नाही, असं मीच सगळ्यांना सांगत आलो. म्हणून बचाव पथकाची बोट चालवणाऱ्या नागसेनने तिचं स्टिअरिंग जोडायचं काम मलाच दिलं. स्टिअरिंगच्या चाकाकडून येणारी केबल आणि मागची मोटर यांच्यामध्ये वीतभर दांडी बसवायची, एवढंच. तिच्या बोल्टला नायलॉनची कडी असलेला लॉकनट लागतो, तो थरथरीने सुटत नाही. माझ्याकडे तो नव्हता. ट्रॅक्टरला लावतो तसा साधा नट आणि वायसर लावून मी मोकळा झालो.

चौथ्या दिवशी नागसेन एकटाच बोट घेऊन धरणात गेला. बोट खडकावर आदळली आणि तो पाण्यात फेकला गेला. लोकांनी रिकामी बोट ओढून आणली, तेव्हा नट सुटून दांडी लोंबत होती. ती मी एकट्याने पाहिली. मग लॉकनट आणून गुपचूप बसवला आणि तोंड मिटून घेतलं. चोराच्या मनात चांदणं, तसे माझे दिवस गेले.

बुडालेला माणूस दोन-तीन दिवसांत वर येतो. नागसेन नऊ दिवस आला नाही. त्याच बोटीतून त्याचा मोठा भाऊ धम्मरत्न रोज गळ टाकत फिरला. बायको सुचिता काठावर बसून होती. एकदा तोंड पाहू द्या, एवढंच ती मागायची.

आज शोध थांबवला. चार वाजता बोट काठावर ट्रॉलीवर चढवली. मोटर वेगळी न्यायची होती, म्हणून मी स्टिअरिंग सोडवायला बसलो. नट काढला, दांडी बाजूला केली.

समोरचं स्टिअरिंगचं चाक पाव फेरा फिरलं.

केबलमधला ताण मोकळा झाला असेल, असं मी खाली उभ्या धम्मरत्नला समजावलं. मला तेव्हा खरंच तसं वाटलं होतं.

चाक आणखी फिरलं. डावीकडे, टोकापर्यंत. मग उजवीकडे. माझ्यापुढे केबलचं टोक नळीतून बाहेर येत होतं, आत जात होतं. बोटीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं आणि मी मागे होतो.

फिरणं वाढलं. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, घाईघाईने. वळत नाही हे कळल्यावर माणूस फिरवतो तसं.

मी दांडी बसवली, लॉकनट आवळला. चाक थांबलं. पुन्हा नट काढून दांडी सोडवली. पुन्हा सुरू झालं.

नऊ दिवस जे बोललो नव्हतो ते बोलून टाकलं. "धम्मरत्नभाऊ, त्या दिवशी नट साधा होता. मीच लावला होता."

त्याने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने फक्त चाकाकडे हात केला.

"आवळून टाक," तो म्हणाला. "वळू दे त्याले."

मी दांडी बसवून नट आवळला.

या वेळी चाक थांबलं नाही, सावकाश उजवीकडे गेलं. मागे मोटरही वळली. डावीकडे गेलं, मोटरही गेली. मग दोन्ही सरळ झाली.

सुचिता केव्हा उठून आली कळलं नाही. "आता तं वळते ना," ती म्हणाली. "मंग घरी काऊन येऊन नाही राह्यले?"

चालकाच्या रिकाम्या सीटचा फोम खोल दबलेला होता. त्या खळग्यात पाणी साचत होतं.